वृश्चिकदंश आणि हृदय : एका संशोधनाचा आढावा

विंचवाचा विषय मराठी वाचकास नवा नाही. एकनाथांनी त्यावर भारूड रचले, भजनी मंडळ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव नाचवले, आणि त्यातला विंचू कामक्रोधाचा, त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा, हा अर्थ पोराटोरांनाही पाठ झाला. पण रूपकाच्या थोरवीकडे पाहता पाहता त्या रचनेतील एका साध्या निरीक्षणाकडे आपले दुर्लक्ष झाले. दंश होताच अंगाला घाम सुटतो, असे नाथ जाता जाता सांगून जातात. वेदनेची गोष्ट कोणीही सांगेल. घामाची गोष्ट सांगावयास रोग्याच्या उशाशी बसलेले असावे लागते. १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात महाड परिसरातील एका तरुण डॉक्टराचा निबंध छापून आला. लाल विंचू चावलेल्या कोणत्या रोग्याचे हृदय पुढे धोक्यात येणार, हे आधीच ओळखण्याच्या पूर्वचिन्हांचा त्यात विचार होता, आणि त्या चिन्हांत घामाला मानाचे स्थान होते. ते डॉक्टर म्हणजे हिंमतराव बावस्कर. त्यांच्या व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या चाळीस वर्षांच्या लेखनाने हा प्रश्न कोठून कोठे नेला, त्यातले काय टिकले, काय त्यांनी स्वतःच पुढे दुरुस्त केले आणि काय अद्याप अनिर्णित आहे, ह्याचा हिशेब मांडण्याची ही वेळ आहे असे वाटते.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. विंचू सरसकट प्राणघातक नसतो. घाटमाथ्यावर जिची दहशत फार, ती इंगळी म्हणजे मोठा काळा विंचू. त्याच्या नांग्या जाड, शेपटी मानाने बारीक, वेदना असह्य, परंतु माणूस सहसा दगावत नाही. खरा घातकी तो बोटभर लांबीचा तांबूस विंचू, ज्याच्या नांग्या सडपातळ आणि शेपटी जाड असते. प्राणिशास्त्राच्या दप्तरात त्याची नोंद पूर्वी ‘ब्युथस टॅम्युलस’, मग ‘मेसोब्युथस टॅम्युलस’ आणि अलीकडे ‘हॉटेनटोटा टॅम्युलस’ अशी बदलत गेली आहे. त्याचाही प्रत्येक दंश जिवावर बेतत नाही. पुष्कळांना दिवसभर ठणका लागतो आणि दुसऱ्या दिवशी ते कामाला जातात. थोड्यांचे मात्र काही तासांत हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते, तोंडाला गुलाबी फेस येतो. बळी जाणाऱ्यांत लहान मुले अधिक असतात.

बहुसंख्य रोगी आपोआप बरे होतात, ह्या एकाच गोष्टीवर विंचू उतरवणाऱ्यांची सारी प्रतिष्ठा उभी आहे. जोतिबाच्या डोंगराभोवतीच्या वाड्यावस्त्यांत काय, कोकणात काय, दंश झाला की मंत्र घालणारा गाठावा, आघाड्याची मुळी उगाळावी, देवाचा अंगारा लावावा, ही वहिवाट पुरातन आहे, आणि तिला दोष देण्यापूर्वी हे ध्यानात घेतले पाहिजे की तिच्या बाजूने यशाचे दाखले खरोखरच विपुल असतात. ज्यांनी डॉक्टरी सुई टोचून घेतली त्यांचेही यश पूर्वी बव्हंशी ह्याच जातीचे होते. ह्याहून विलक्षण बाब बावस्करांनी नोंदवली. ज्याच्या अंगात विष भिनले आहे त्या रोग्याला दंशाच्या जागी वेदना पुष्कळदा बेताचीच असते, आणि तो सुधारू लागला म्हणजे ती जागा ठणकू लागते. म्हणजे जो आक्रोश करतो त्याची चिंता कमी, आणि जो गप्प पडून घामाने भिजतो आहे, ओकतो आहे, ज्याचे हातपाय गार पडले आहेत, त्याची चिंता अधिक. वेदना उतरवणे हीच ज्याच्या विद्येची कसोटी, त्या मांत्रिकास असा रोगी बरा झालेला दिसावा, हा ह्या विषाचा क्रूर विनोद आहे.

बावस्करांपूर्वी ह्या विषयावर कोणी लिहिलेच नव्हते, असा जो समज वर्तमानपत्री गौरवलेखांमुळे झाला आहे तो मात्र खरा नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेत म्हसकर आणि केयस ह्या जोडीने १९३० च्या सुमारास भारतीय विंचवांवर टिपणे केली होती. सर्पदंशावरील देशी वनस्पतींची त्यांनी केलेली परीक्षा तर निर्दयपणाच्या सीमेवर जाणारी होती, कारण एकही वनस्पती तीत उतरली नाही. १९६१ मध्ये मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी होते असे लिहिले. १९७८ मध्ये हाफकिनचे गायतोंडे व त्यांचे सहकारी ‘लॅन्सेट’मध्ये तीच गोष्ट पुन्हा मांडतात. इस्राएलमधील बीरशेबा येथे मोशे ग्यूरॉन ह्या हृद्रोगतज्ज्ञाने तेथील पिवळ्या विंचवाने पीडिलेल्या रोग्यांचे हृदयालेख आणि लघवीतील द्रव्ये तपासून हृदयाच्या स्नायूला इजा होते हे दाखवले होते. तेव्हा विंचू हृदयावर जातो, हे ज्ञान उपलब्ध होते. उपलब्ध नव्हते ते असे ज्ञान, जे हृदयालेखाचे यंत्र नसलेल्या ठिकाणी, पहाटे तीन वाजता, बैलगाडीतून आणलेल्या मुलाजवळ उभ्या असलेल्या एकट्या डॉक्टरास उपयोगी पडेल.

बावस्करांचा जन्म १९५१ चा, जालना जिल्ह्यातील देहेड गावचा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. पदव्युत्तर शिक्षण पुढे पुण्यास. बिरवाडीचा मुलूख जांभ्या दगडाच्या गडग्यांचा, पेंढ्याच्या उडव्यांचा, कौलारू घरांचा आणि अनवाणी माणसांचा. म्हणजे तांबड्या विंचवास हवा तसा. त्या काळी अशा रोग्यास अॅट्रोपिन, स्टेरॉइड, अॅलर्जीवरील औषधे आणि गुंगी आणणारी मिश्रणे देण्याचा प्रघात होता, आणि तीव्र विषबाधा झालेल्यांपैकी शंभरांत तीसच्या आसपास दगावत. वैद्यकीय अधिकाऱ्यास पुष्कळ कागद रंगवावे लागतात. त्यांतलाच एक कागद असा असू शकतो की ज्यावर रोग्याची नाडी, रक्तदाब, श्वास व हातापायांची उष्णता दर घटकेला लिहिली जाते. बावस्करांनी हा कागद इमानाने लिहिला. रोग्याजवळ रात्ररात्र बसून लिहिला. त्यांच्या साऱ्या संशोधनाचे भांडवल हे एवढेच आहे, आणि माझ्या मते ते पुरेसे आहे.

त्या नोंदींतून जे निष्पन्न झाले ते काळाच्या क्रमाने होते. आधी ओकारी, घाम, लाळ आणि पुरुषांत लिंगाची ताठरता. मग हातपाय गार, रक्तदाब चढलेला, नाडी धावती. त्यानंतर खोकला, धाप आणि फेस. काहींच्या बाबतीत शेवटी रक्तदाब कोसळणे. ही लक्षणे विखुरलेली सर्वांनी पाहिली होती; ती एका नाटकाचे अंक आहेत, आणि पहिला अंक पाहून तिसऱ्याची तयारी करता येते, हे १९८२ च्या निबंधाने सांगितले. वैद्यकातील थोर शोध नेहमी नव्या वस्तूचेच असतात असे नाही. पुष्कळदा ते अनुक्रमाचे असतात.

अंतर्गत कारण पुढे शरीरक्रियाशास्त्राने स्पष्ट केले, आणि बावस्करांनी ते आपल्या नोंदींशी ताडून घेतले. विंचवाच्या विषातील प्रथिने मज्जातंतूंच्या टोकांवरील सोडियमची दारे उघडी ठेवतात, त्यामुळे तंतू पेटल्यासारखे होऊन आपली द्रव्ये ओतत राहतात. अल्प काळ घाम-लाळ आणणाऱ्या तंतूंचा अंमल असतो. त्यामागून अॅड्रिनॅलिन व त्याच्या भावंडांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला बंद दारावर धडका मारल्यासारखे काम करावे लागते, आणि त्याच द्रव्यांच्या अतिरेकाने त्याचा स्नायूही लुळा पडतो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये ‘ताकोत्सुबो’ नावाने वर्णिलेला, अतीव मानसिक धक्क्याने होणारा हृदयस्नायूचा विकार ह्याच जातकुळीचा आहे. शोकाने फाटलेले हृदय आणि विंचवाने फाटलेले हृदय एकाच वाटेने जाते, ही गोष्ट कवींच्या कामाची आहे. पण ती हृद्रोगतज्ज्ञांच्या ध्यानात उशिरा आली.

रोगाची वाट अशी दिसली म्हणजे उपायाची दिशा उघड होते : आवळलेल्या वाहिन्या सैल कराव्यात. प्राझोसिन ही उच्च रक्तदाबावरील गोळी १९७० च्या दशकात बाजारात आली होती. पेशींवरील ज्या ग्राहींवर अॅड्रिनॅलिन आदळते त्यांतला एक वर्ग ती अडवते, आणि अॅड्रिनॅलिनने दाबून धरलेल्या इन्सुलिनलाही मोकळीक देते. (ह्याच धाग्याला धरून मुंबईत राधाकृष्ण मूर्ती यांनी इन्सुलिननेच उपचार करण्याची स्वतंत्र तजवीज मांडली, ती विचाराला चालना देणारी असली तरी खेड्यापर्यंत पोहोचली नाही.) अधिक बलवान असे सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि त्यावर डोळ्यात तेल घालून पहारा ठेवावा लागतो. प्राझोसिन तोंडाने देता येते, काही तासांच्या अंतराने पुन्हा देता येते, आणि स्वस्त आहे. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब अचानक उतरण्याची भीती असते. म्हणून रोग्यास आडवेच ठेवावे, मुलास उचलून कडेवर घेऊ नये, अशी बारीकसारीक सूचना करणाऱ्या माणसाने औषध स्वतःच्या हाताने दिलेले असते, हे ते निबंध वाचताना जाणवते. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्राझोसिनवरील त्यांचे पत्र छापले. १९९२ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये विस्तृत मांडणी आली. त्याच साली अॅट्रोपिनच्या धोक्याविषयीही त्यांनी लिहिले. आधीच धावत्या हृदयाला चाबूक मारण्यात अर्थ नाही, हा त्याचा आशय.

‘ब्रिटिश हार्ट जर्नल’चा उल्लेख आला म्हणून आणखी एका महाराष्ट्रीय निबंधाची आठवण द्यावी लागते. १९४९ मध्ये ह्याच नियतकालिकात मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबशामक गुणांची परीक्षा प्रसिद्ध केली, तिने जगभर रक्तदाबाच्या औषधोपचारास नवे वळण लागले, आणि १९५७ मध्ये त्यांस अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वकिलांनी आपल्या रानातली मुळी जगाच्या औषधालयात नेली. बावस्करांनी जगाच्या औषधालयातली गोळी आपल्या रानातल्या रोगावर आणली. पहिल्या प्रकारच्या प्रवासाचा डंका फार वाजतो. दुसऱ्या प्रकाराला संदर्भसूचीत जागा कमी मिळते, आणि माणसे तितकीच वाचतात.

येथे समीक्षकाने थोडे कठोर व्हावयास हवे. प्राझोसिनपूर्वी शेकडा तीस आणि प्राझोसिननंतर शेकडा एकाच्या आसपास, ही जी मृत्युसंख्येची तुलना वारंवार छापली जाते, ती एकाच काळातील दोन गटांची नव्हे. ती दोन कालखंडांची तुलना आहे. मधल्या काळात रस्ते झाले, एस. टी. गावागावांत गेली, लोक रोगी लवकर आणू लागले, डॉक्टरांनी अपायकारक औषधे सोडली. ह्यांपैकी कशाचा वाटा किती, हे केवळ त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. औषध देण्याचे व न देण्याचे गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत, हा न्याय शास्त्र मागते. परंतु डोळ्यांसमोर फेस येणाऱ्या मुलास गोळी नाकारून त्याची गणना दुसऱ्या गटात करणे कोणत्या डॉक्टरास रुचेल? ही अडचण खरी आहे, म्हणून तिचे निमित्त होऊ नये. राजस्थानात जोधपूर येथील बालरोगतज्ज्ञांनी पुढे प्राझोसिनची डोब्युटामिनशी तुलना करून पाहिली, हे ह्या दृष्टीने आवश्यक काम होते.

दरम्यान जगात दुसराच वाद पेटला होता. प्रतिविषाचा, म्हणजे घोड्याच्या रक्तद्रवातून काढलेल्या लशीचा, विंचवावर उपयोग आहे की नाही? १९९९ मध्ये ट्युनिशियातील अब्रूग व सहकाऱ्यांनी ८२५ रोग्यांवर चिठ्ठ्या टाकून केलेली परीक्षा ‘लॅन्सेट’मध्ये आली, सरसकट प्रतिविष देऊन काही लाभ होत नाही, असा तिचा निकाल होता. दहा वर्षांनी अमेरिकेतील अॅरिझोनात बॉयर व सहकाऱ्यांनी केवळ १५ अत्यवस्थ मुलांवर केलेल्या परीक्षेत प्रतिविष स्पष्टपणे गुणकारी ठरले. दोन्ही निकाल खरे असू शकतात. ट्युनिशियातील परीक्षेत सौम्य रोग्यांचा भरणा फार होता, आणि जे आपोआपच बरे होणार त्यांच्यावर कोणतेही औषध निरुपयोगीच दिसणार. शिवाय अॅरिझोनाचा विंचू मुख्यतः मज्जासंस्थेवर जातो, हृदयावर नव्हे. विंचू ही एक जात नाही, हे ‘विंचूदंशाचा उपचार’ असा एकवचनी शब्दप्रयोग करणारे विसरतात.

ह्या वादात बावस्कर दांपत्याने २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जी परीक्षा छापली, ती मला त्यांच्या साऱ्या कामात अधिक मोलाची वाटते, कारण ती स्वतःच्याच कीर्तीच्या विरुद्ध जाते. ७० रोगी, ३५-३५ चे दोन गट. एकास केवळ प्राझोसिन, दुसऱ्यास प्राझोसिन आणि तांबड्या विंचवावरील प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रोगी पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. ज्या गोळीने त्यांचे नाव झाले, ती एकटी पुरेशी वेगवान नाही, हे त्यांनी आपल्याच हाताने लिहून दिले. परीक्षा आंधळी नव्हती, म्हणजे कोणास काय दिले हे डॉक्टरास ठाऊक होते; आणि ‘पूर्ण बरे’ ठरवण्यात डोळ्याचा भाग असतो; हे आक्षेप ग्राह्य आहेत. पण पुदुच्चेरीच्या ‘जिप्मेर’ संस्थेत मुलांवर झालेली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली परीक्षा त्याच दिशेला बोट दाखवते, तेव्हा निष्कर्ष एका तालुक्याचा राहिला नाही.

विद्वत्तेचा प्रभाव हल्ली उद्धृतांच्या संख्येवरून मोजतात. ते माप येथे लावून पाहावयास हरकत नाही, मात्र ते कोठे आखूड पडते हेही पाहावे. २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने विंचूदंशावरील समग्र आढावा लिहावयास ज्यांना निवडले ते दोघे म्हणजे ऑस्ट्रेलियाचे विषतज्ज्ञ जेफ्री इस्बिस्टर आणि महाडचे बावस्कर. विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही, अशा पत्त्यावरून त्या नियतकालिकात जाणे हा मान दुर्मीळ आहे. २०२२ ची पद्मश्री त्यानंतरची. पण गंमत अशी की ह्याच तांबड्या विंचवाशी जोडलेले, जागतिक शास्त्रात सर्वाधिक वापरले जाणारे नाव वेगळेच असावे. १९९० मध्ये त्याच्या विषातून ‘आयबेरिओटॉक्सिन’ हे ३७ अमिनो आम्लांचे प्रथिन वेगळे काढण्यात आले. पेशींवरील पोटॅशियमचे एक विशिष्ट दार ते बंद करते, आणि त्यामुळे रक्तवाहिन्यांचा अभ्यास करणाऱ्या देशोदेशींच्या प्रयोगशाळांत ते शीशीत भरून ठेवलेले असते. ते वापरणाऱ्यांपैकी कितीजणांना बिरवाडी ठाऊक असेल, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. पण उद्धृतांचे माप कोणत्या बाजूला झुकते ते ह्यावरून कळावे.

जगभर वर्षाला बारा लाखांवर विंचूदंश आणि तीन हजारांवर मृत्यू, असा अंदाज शिप्पो व गॉयफॉन यांनी २००८ मध्ये केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले. विंचू बाहेर राहिला. आपल्या सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मात्र सर्पदंशाबरोबर विंचूदंशाचीही नोंद आहे, दोन लाखांच्या साहाय्यासकट. मरणाची सोय झाली, ही काही लहान गोष्ट नव्हे. जगण्याची सोय तपासावयाची तर तालुक्याच्या औषधभांडारात साध्या प्राझोसिनच्या गोळ्या आहेत काय हे पाहावे. कारण हळूहळू विरघळणाऱ्या नव्या धर्तीच्या गोळ्या रक्तदाबाच्या कायम रोग्यास सोयीच्या असल्या, तरी त्या मोडून किंवा कुटून मुलास देता येत नाहीत, आणि विंचवाच्या रोग्यास ज्या घाईने औषध लागते त्या घाईने त्या काम करीत नाहीत.

राहिला प्रश्न घाटाच्या ह्या बाजूचा, म्हणजे कोल्हापूरकडचा. ज्या पुराव्यावर हे सारे शास्त्र उभे आहे तो बव्हंशी कोकणातला आहे. महाडचा, चिपळूणचा, रत्नागिरीचा. २००७ मध्ये एका संशोधकगटाने कोकणपट्टीतील आणि नगरकडील कोरड्या पठारावरील तांबड्या विंचवांच्या विषाचे पृथक्करण करून पाहिले, तेव्हा दोहोंतील प्रथिनांचे मिश्रण सारखे नाही असे आढळले. जात एक, विष निरनिराळे. प्रतिविष ज्या मुलखातल्या विंचवाच्या विषावर सिद्ध केले, त्याच मुलखात ते अधिक बसणार, ही शंका मग अपरिहार्य होते. जोतिबाचा डोंगर म्हणजे सह्याद्रीतून पूर्वेस फुटलेल्या सोंडेवरील सुमारे ३,१०० फुटांची उंची. एका अंगाला पन्हाळ्याचा जांभा आणि पावसाळी रान, दुसऱ्या अंगाला उघडे पठार. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेस येथे लाखो माणसे सासनकाठ्यांमागून अनवाणी चढतात, उघड्यावर, दगडांच्या आडोशाने निजतात, आणि विंचू बाहेर पडण्याचा हंगामही तोच. कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय येथून जवळ आहे. तासाभरात रोगी तेथे पोहोचतो, जे सुख बिरवाडीच्या रोग्यास नव्हते. परंतु ह्या डोंगरावरील तांबड्या विंचवाचे विष कोकणच्या कुळीचे की नगरच्या, हे पृथक्करणाने ठरवावयाचे काम आहे. ते करावयास शिवाजी विद्यापीठाची प्रयोगशाळा अर्ध्या दिवसाच्या अंतरावरही नाही, आणि त्यासाठी लागणारे विंचू यात्रेच्या आदल्या रात्री, कुशिऱ्याकडून वर येणाऱ्या वाटेवर दगड उलटून हवे तेवढे मिळावेत.